पदरावरचा मोर, माळावरचे काळवीट



येवल्याच्या पैठणीचा पदर उलगडला की दृष्टीस प्रथम पडतो तो मोर. वर्तुळात बसविलेला बांगडी-मोर, समोरासमोर चोची केलेली पोपटांची जोडी, कमळाच्या वेलीत मध्येच डोकावणारी लहानशी मुनिया. मागावर बसणाऱ्या विणकराने हे पक्षी कागदावर पाहून विणलेले नसतात. आजोबांच्या हातातून वडिलांच्या आणि वडिलांच्या हातातून मुलाच्या बोटांत ते उतरलेले असतात. पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून या गावाचे पोट पदरावरच्या पक्ष्यांनीच भरले आहे. ज्या रेशमावर हा मोर उमटतो, ते रेशीमही एका किड्याने स्वतःभोवती गुंडाळलेले घर असते. धागा अखंड निघावा म्हणून कोश उकळत्या पाण्यात टाकतात आणि आतला जीव त्यात संपतो. एका पातळासाठी असे काही हजार कोश लागतात. हे सांगण्यात पैठणीचा अवमान नाही. मनुष्याचे जगणे इतर जिवांशी किती गुंतलेले आहे, हे येवल्यातल्या माणसाला पोथी न उघडता कळू शकते, एवढेच.

आजचा विषय अभयारण्यातील वाघाचा नाही. घराच्या वळचणीला, परसात, गच्चीवर आणि गावाबाहेरच्या माळावर जे प्राणी रोज भेटतात, त्यांचा आहे.

घरातले सोयरे

जुन्या येवल्यातील लाकडी वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तुळयांच्या खोबणीत गवताच्या काड्या कोंबणारी चिमणी आठवत असेल. मागाची खटखट चालू असताना ती निर्धास्तपणे आत-बाहेर करीत असे. वाडे गेले, सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आल्या आणि चिमणीला काडी टेकवायला जागा उरली नाही. अंगणात धान्य पाखडणे थांबले. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी या पक्ष्याचा विषय हाती घेतला आणि २०१०पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. चिमणी नामशेष होत आहे, असे सरसकट सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. देशातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने दाखविले की, मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या असल्या तरी देशभराचा विचार करता त्यांची संख्या बरीचशी स्थिर आहे. म्हणजे येवल्यासारख्या तालुक्याच्या गावी अजून वेळ हातात आहे.

अनेक घरांत चिमणीसाठी तांदूळ ठेवतात. ते उत्तमच. पण पिलाला दाणा चालत नाही, त्याला अळ्या आणि किडे लागतात. ज्या परसात जास्वंद, मेंदी, कढीपत्ता अशी झुडपे आहेत आणि त्यांवर दर आठवड्याला औषध फवारले जात नाही, तेथेच पिले वाढतात. खोक्याचे घरटे टांगायचे असेल तर त्याचे भोक सव्वा इंचापेक्षा फार मोठे नसावे, नाहीतर साळुंकी त्यात शिरते.

पोपटाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती जरा अप्रिय वाटेल. मध्यमवर्गीय घरात पिंजऱ्यातील मिठू हा कौतुकाचा विषय असतो. तो पाहुण्यांना नमस्कार म्हणतो, मिरची खातो, घरातल्या मुलांची नावे घेतो. परंतु आपल्याकडील हिरवा पोपट हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित पक्षी आहे. त्याला पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा होय. बाजारात येणारी पिले झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात आणि त्यातील किती वाटेतच मरतात, हे विकणारा सांगत नाही. आधीपासून घरी असलेला पोपट कायद्याच्या भीतीने एकदम आकाशात सोडून देणे हेही योग्य नव्हे. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही आणि घारीपासून पळताही येत नाही. अशा वेळी वन विभागाशी बोलावे. त्यांचा मदत क्रमांक १९२६ आहे.

कुत्र्याविषयी आपल्या परंपरेत संकोच नाही. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान बसलेले असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि गायीला पहिला घास, कुत्र्याला शेवटची भाकरी ही रीत कित्येक घरांत आजही पाळली जाते. ही भाकरी देणाऱ्या हाताने वर्षातून एकदा त्या कुत्र्याला रेबीजची लस टोचून घेतली, तर गल्लीतल्या मुलांवर मोठे उपकार होतील. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की, त्यानंतर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. चावा बसताच जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चुना, हळद, तिखट यांपैकी काहीही जखमेत भरू नये. पिलाने नुसता दात लावला, ओरखडाच तर आहे, असे म्हणून सोडून दिलेले प्रसंगच पुष्कळदा जिवावर बेततात.

सापाविषयी थोडक्यात. नागपंचमीला मातीच्या किंवा पाटावर काढलेल्या नागाची पूजा करणे ही मूळ रीत आहे. गारुड्याच्या टोपलीतील नागाला दूध पाजणे ही नंतर शिरलेली विकृती होय. तो अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो म्हणून समोर येईल ते पितो. दूध त्याचे अन्न नव्हे. महाराष्ट्रात माणसाच्या मृत्यूस कारण होणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांच्याही विषावर चालणारे प्रतिविष सरकारी रुग्णालयांत दिले जाते. धामण बिनविषारी असते आणि गोदामातील उंदीर खाते. तिला मारणारा शेतकरी स्वतःच्याच धान्याचा राखणदार मारतो.

गच्चीवरचा उत्सव

आता येवल्याच्या अभिमानाच्या विषयाकडे यावे लागेल, आणि येथे बोलणे अधिक जोखमीचे आहे. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस या गावात कोणी खाली नसते. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे गच्चीवर. सासरी गेलेल्या मुली आणि परगावी नोकरीला असलेली मुले दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, पण संक्रांतीला येतात. हलकडीचा ताल, बांबूची कमावलेली आसारी, तिच्यावरून सरसर सुटणारा दोर. आसारी करणाऱ्या आणि पतंग बनविणाऱ्या घरांची वर्षाची कमाई याच दिवसांवर असते. असा उत्सव थांबवा, असे कोणी म्हणत असेल तर त्याला येवला कळलेले नाही.

प्रश्न पतंगाचा नाही, दोराचा आहे. पूर्वीचा मांजा सुती होता. घरी खळ शिजवून, त्यात काचेची भुकटी घालून तो सुतला जाई. तोही कापत असे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण तो ताणाखाली तुटे आणि झाडावर राहिला तर एक-दोन पावसाळ्यांत कुजून जाई. नायलॉनचा दोर तुटत नाही, ताणला की लांबतो, आणि कुजतही नाही. संक्रांत संपून होळी येते, होळी संपून पाडवा येतो, तरी तो लिंबाच्या आणि पिंपळाच्या फांद्यांत तसाच ताठ असतो. पक्ष्याच्या पंखाला खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या कडेने एक पातळ कातडीचा पडदा असतो. उड्डाणासाठी तो फार महत्त्वाचा असतो. दोर नेमका तेथे बसतो. सुटण्यासाठी पक्षी जितका फडफडतो, तितका तो आत जातो. हाड शाबूत राहिले तरी पडदा फाटलेला पक्षी पुन्हा उडेल याची शाश्वती नसते. बगळे, पारवे, घारी, घुबडे आणि अंधारात बाहेर पडणारी वटवाघळे यांना याचा सर्वाधिक त्रास होतो. दुचाकीवरून जाणाऱ्या माणसांचे गळे याच दोराने चिरले गेले आहेत, ही बातमी तर दर जानेवारीत वाचावी लागते.

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि तत्सम कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही तो मिळतो. दुकानाच्या दर्शनी भागात नसतो, आतल्या खोलीत असतो. पोलिसांनी धाडी घालाव्यात हे खरेच. परंतु आतल्या खोलीतला दोर विकत घेणारा हात बहुधा एखाद्या सुशिक्षित घरातल्या मुलाचा असतो आणि त्याला पैसे दिलेले असतात ते त्याच्या वडिलांनी. दुसऱ्याचा पतंग कापला गेला पाहिजे, आपला नाही, या हट्टापलीकडे त्यामागे दुसरे कारण नसते. सगळ्यांच्या हाती सुती दोर असेल तर पेच अधिक रंगतो, हे जुन्या पतंगबाजांना विचारले तरी पटेल.

वेळ पाळण्याचाही मुद्दा आहे. पक्षी थव्याने बाहेर पडतात ते सूर्योदयाच्या सुमारास आणि परततात ते सूर्यास्ताच्या सुमारास. शेजारच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वर आहे. २०२०च्या आरंभी रामसर यादीतील महाराष्ट्राची पहिली पाणथळ जागा म्हणून त्याची घोषणा झाली. संक्रांतीच्या दिवसांत तेथे परदेशातून आलेल्या पाहुण्या पक्ष्यांची दाटी असते. दिवस उगवताना आणि मावळताना तासभर पतंग खाली ठेवला, तर उत्सवातले काही कमी होत नाही. तिळगूळ खायलाही तेवढा वेळ लागतोच.

दोरात अडकलेला पक्षी सापडला तर दोर ओढू नये. कात्रीने दोन्ही बाजूंनी कापावा, जखमेत रुतलेला भाग तसाच राहू द्यावा. पक्ष्यावर हलके कापड टाकून त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो. मुलांनी भोवती गर्दी करून त्याला कुरवाळणे ही माया असली तरी त्या पक्ष्याला ती शिकारी प्राण्याची पकड वाटते. आणि कर संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तरुणांनी दोन-दोनच्या जोडीने आपापल्या गल्लीतील झाडे, तारा आणि गच्च्या पाहून दोर गोळा केला, तर एका सकाळीच पोतेभर गुंता हाती लागेल.

माळ रिकामा नसतो

येवला तालुक्याचा ईशान्य भाग पर्जन्यछायेचा. उन्हाळ्यात वस्त्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. राजापूर, ममदापूर, देवदरी, खरवंडी या गावांच्या बाजूला गेले की, बाभळीची विरळ झुडपे आणि गुडघाभर गवताचा माळ लागतो. तेथे काळविटांचे कळप आहेत. ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र सुमारे चौपन्न चौरस किलोमीटरचे आहे. तुलनेसाठी सांगायचे तर, अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे प्रसिद्ध काळवीट अभयारण्य, जे १९८०मध्ये जाहीर झाले, ते अडीच चौरस किलोमीटरही भरत नाही. तरीही येवल्यातील कितीतरी घरांनी रेहेकुरीची सहल केली आहे आणि ममदापूर पाहिलेले नाही.

नर काळवीट वयात येताना काळसर होत जातो, पोट आणि डोळ्यांभोवतीचे वर्तुळ पांढरे राहते, शिंगे मळसूत्रासारखी पीळदार. मादी पिवळसर तपकिरी असते आणि तिला बहुधा शिंगे नसतात. धोका दिसला की, कळपातील एक प्राणी हवेत उंच उडी घेतो, मग दुसरा, मग सगळेच; पाहणाऱ्याला वाटते, जमिनीलाच उकळी फुटली. मोकळ्या माळावर त्याचा बचाव म्हणजे लांबवरची नजर आणि पायांतला वेग, दुसरे काही नाही.

ज्या भूमीत कृष्णमृग स्वभावतः संचार करतो ती भूमी यज्ञाला योग्य, असे मनुस्मृतीत म्हटले आहे. भूमीचे पावित्र्य ठरविण्यासाठी नदी किंवा पर्वत न घेता एक मोकळा फिरणारा प्राणी घेतला गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच परंपरेतून मुंजीत बटूच्या अंगावर मृगाजिन आले. आज काळवीट हा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. त्याच्या कातड्याचा तुकडाही विकता वा विकत घेता येत नाही. पूजेच्या सामानाच्या दुकानात कोणी गुपचूप असा तुकडा देऊ केला, तर एकतर तो बनावट असतो किंवा त्यामागे शिकार असते. आजोबांच्या काळचे मृगासन किंवा भिंतीवरची शिंगे घरात असतील, त्यांचे मालकीचे प्रमाणपत्र असेल आणि ती ठेवायची नसतील, तर २०२२च्या दुरुस्तीनुसार ती स्वेच्छेने वन विभागाकडे सुपूर्द करता येतात. मुंज दर्भाच्या मेखलेने आणि सुती वस्त्राने यथासांग होते; कित्येक गुरुजी तशी करीतच आहेत.

शेतकऱ्याची बाजू येथे सांगितली नाही तर अन्याय होईल. काळविटाचे सौंदर्य शहरातून आलेल्या पाहुण्याला दिसते. शेतकऱ्याला दिसतो तो पहाटे खाऊन टाकलेला मुगाचा पट्टा. हरभऱ्याचे कोवळे शेंडे, उगवून वर आलेला मका, रांगेत लावलेली कांद्याची रोपे, कळप एका रात्रीत फिरून जातो. ज्याच्याकडे दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आहे त्याला हे नुकसान वर्षभर पुरते. मग तो राखणीला शेतात झोपतो. उघड्या जमिनीवर अंथरूण, अंधार, आणि मण्यार रात्रीच हिंडणारी. तिचा दंश पुष्कळदा जाणवतसुद्धा नाही. म्हणजे हरणापासून पीक वाचवायला गेलेला माणूस सापाच्या वाटेत पडतो. बाजेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यावी, हा उपाय साधा आहे. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीची भरपाई शासन देते, त्यात काळविटाचाही समावेश आहे; पण अर्ज तातडीने करावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो, कागद जोडावे लागतात. तालुक्याच्या गावी राहणारा, लिहिता-वाचता, संगणक हाताळणारा तरुण येथे उपयोगी पडू शकतो. एका शेतकऱ्याचा अर्ज नीट भरून देणे ही काळविटाची फार मोठी सेवा आहे. ज्याचे नुकसान भरून निघते, तो कुत्री सोडत नाही आणि कुंपणात वीज सोडत नाही.

आणखी एका सत्कार्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. माळ दिसला की, तेथे झाडे लावण्याचा उत्साह संस्थांना, शाळांना आणि शासनालाही येतो. हेतू निर्मळ असतो. परंतु गवताळ माळ ही पडीक जमीन नव्हे. काळवीट, खोकड, लांडगा, चंडोल, धाविक यांचे ते भरले घर आहे. तेथे गिरिपुष्पाच्या किंवा परदेशी बाभळीच्या दाट रांगा उभ्या केल्या, तर काळविटाची लांबवरची नजरच झाकली जाते आणि गवत सावलीत खुरटते. सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी १९७९मध्ये अभयारण्य झाले. आज तेथे माळढोक दिसणे दुर्मीळ आहे. माळ तुटत गेले, त्यात शेती, वस्ती आणि शिकार यांबरोबरच झाडे लावण्याचाही वाटा होता. रोपे शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, बांधावर, ओढ्याच्या काठी लावावीत. माळाला गवतच राहू द्यावे.

गवतात एकटे पडलेले पाडस दिसले तर ते अनाथ आहे असे समजू नये. मादी पाडसाला गवतात दडवून दूर चरायला जाते, म्हणजे तिच्या मागावर आलेल्याला पाडस सापडू नये. ठरावीक वेळाने ती दूध पाजायला परतते. अशा पाडसाला दयेने उचलून गावात आणणारे लोक त्याची आईशी ताटातूट करतात. पाठलाग झालेल्या किंवा पकडलेल्या मोठ्या हरणाचेही तसेच आहे. अंगावर एकही जखम नसताना ते काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी मरते. अतिश्रमाने आणि भीतीने त्याचे स्नायू आतून खराब होतात आणि हृदय व मूत्रपिंड साथ सोडतात. म्हणून वाचविताना त्याचे डोळे कापडाने झाकावेत, आवाज बंद करावा आणि भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढणाऱ्यांना आधी दूर करावे.

राहिला विहिरींचा विषय. या भागातील विहिरी रुंद तोंडाच्या, खोल, आणि पुष्कळशा जमिनीच्या पातळीलाच उघड्या. माळावरचे पाणी आटले की, वन विभाग पाणवठ्यांत टँकरने पाणी सोडतो. परंतु कळप मोठे, उन्हाळा लांब. पाण्याच्या वासाने आलेली किंवा कुत्र्यांनी पाठ धरलेली हरणे रात्री थेट विहिरीत जातात. कोरड्या विहिरीत पडले तर पाय मोडतात, पाणी असेल तर पोहून पोहून थकतात. सकाळी मोटार चालू करायला आलेल्या माणसाला ते दिसते. मग दोर, जाळी, बाज, आणि जीव धोक्यात घालून खाली उतरणारे गावकरी. असे उतरणारे तरुण या भागात आहेत, हे येवल्याचे भूषण आहे. पण त्यांच्यावर ती वेळच येऊ नये. कठड्याला कंबरभर विटांचे बांधकाम लागते. तेवढे जमत नसेल तर बाभळीच्या काट्यांचे दाट कुंपण किंवा खांबांना बांधलेली जाळी, तीही एका दिवसात होते. हे काम चैत्रात, रब्बीचे पीक घरात आल्यावर आणि मजूर मोकळे असताना व्हावे लागते. वैशाख लागला की, कळप विहिरींकडे वळलेले असतात.